आयात साखर आणि देशी साखर वेगळी का ठेवतात? जाणून घ्या कारण

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा गावाच्या नावातच साखर आहे. पण तिथल्या किराणा दुकानातली साखर ब्राझीलची की महाराष्ट्रातल्या कारखान्याची, हे चव घेऊन कोणालाच सांगता येणार नाही. सरकारी नियमांच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात.

फरक कशामुळे पडतो?

2007-08 मध्ये देशात सुमारे 263 लाख टन साखर झाली होती. 2008-09 मध्ये उत्पादन 146 लाख टनांच्या आसपास घसरले. टंचाई भागवण्यासाठी केंद्राने 2009 मध्ये कच्ची साखर शुल्काविना आणू दिली. त्या काळात कारखान्यांना उत्पादनाचा ठरावीक हिस्सा रेशनसाठी कमी दरात 'लेव्ही' म्हणून द्यावा लागे. 2009-10 च्या हंगामात हा हिस्सा 20 टक्के होता. आयात साखरेला लेव्हीतून सूट होती. दोन्ही साखरा एकत्र झाल्या, तर देशी साखर आयातीची दाखवून लेव्ही चुकवणे सोपे झाले असते. म्हणून हिशेब वेगळा ठेवणे गरजेचे होते. पुढे 2013 मध्ये लेव्ही रद्द झाली.

बंदरावरचा नियम

शुल्क न भरलेली आयात साखर सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखालील बाँडेड गोदामात ठेवता येते. देशात विकायची असेल, तर शुल्क भरूनच ती बाहेर काढावी लागते. 2018 पासून साखरेवर 100 टक्के आयात शुल्क आहे. त्यामुळे पोत्यांची अदलाबदल म्हणजे थेट शुल्कचोरी.

व्यापाऱ्याचा संबंध कुठे येतो?

भाव भडकले की सरकार साठ्यावर मर्यादा घालते. 2016 मध्ये बहुतेक ठिकाणी व्यापाऱ्यांसाठी ती 5,000 क्विंटल होती. अशा वेळी आयात साखरेला सूट असेल, तर ती कोणती हे तपासणीत दाखवावे लागते. वेगळी थप्पी, साठा नोंदवही आणि खरेदीचे बिल हाच पुरावा. मर्यादा मोडल्यास जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 नुसार जिल्हाधिकारी माल जप्त करू शकतात. तुरुंगवासही 7 वर्षांपर्यंत होऊ शकतो.

ग्राहकाने काय पाहावे?

आयात साखरेच्या पाकिटावर मूळ देश आणि आयातदाराचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. एकदा पोते फोडून साखर मिसळली, की ती कुठली हे फक्त कागदच सांगू शकतो.