संत्राबागेतील तणनाशके

नागपुरी संत्र्याच्या बागांत झाडांच्या आळ्यांत व दोन ओळींमधील पट्ट्यांत वाढणारे तण मारण्यासाठी वापरली जाणारी रसायने. काटोल, नरखेड, कळमेश्वर (जि. नागपूर) आणि वरूड, मोर्शी (जि. अमरावती) हे संत्र्याचे प्रमुख तालुके होत. धरमपेठेलगतच्या महाराजबाग परिसरातील कृषी महाविद्यालय (स्थापना 1906) आणि अमरावती रस्त्यावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नागपुरातील दोन संस्था या विषयाशी निगडित आहेत.

गरज : संत्र्याची झाडे सामान्यतः 6 × 6 मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी सुमारे 277 लावतात. बाग लहान असेपर्यंत मधली बरीच जमीन मोकळी राहते आणि मृगाच्या पावसाबरोबर तणाने भरते. काळ्या चिकण जमिनीत झडीच्या दिवसांत वखर किंवा ट्रॅक्टर चालत नाही. निंदणाला मजूरही वेळेवर मिळत नाहीत. शिवाय संत्र्याची तंतुमुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात. खोल मशागतीने ती तुटतात आणि जखमांवाटे फायटोफ्थोरा बुरशी शिरून मूळकूज व डिंक्या बळावतो. मुळांना धक्का न लावता तण काढता येते, हे तणनाशकाचे खरे मोल.

प्रमुख तणे : हरळी, लव्हाळा व कुंदा ही बहुवर्षायू तणे जमिनीखालील खोड किंवा गाठींपासून पुन्हा फुटतात. केना, घोळ, माठ, तरोटा, दुधी व गाजरगवत ही इतर तणे. गाजरगवताची भारतातील पहिली ठळक नोंद 1955 च्या सुमारास पुण्यातील आहे. अमरवेल झाडावरच चढून त्याचा रस शोषते. फवारा झाडालाही लागणार असल्याने ती हातानेच काढून नष्ट करावी लागते.

प्रकार व कार्य : डाययुरॉन हे उगवणपूर्व तणनाशक आहे. ते ओलसर जमिनीवर फवारतात. कोवळी रोपे ते मुळांतून शोषतात आणि प्रकाशसंश्लेषण थांबून मरतात. पॅराक्वाट व ग्लुफोसिनेट ही प्रामुख्याने स्पर्शजन्य तणनाशके असून हिरवा भाग जाळतात, पण हरळीची जमिनीखालची खोडे जिवंत राहतात. ग्लायफोसेट पानांतून मुळांपर्यंत उतरते आणि आवश्यक अमिनो आम्ले तयार होणे रोखते; म्हणून ते बहुवर्षायू तणांवर परिणामकारक ठरते. मात्र ते मातीच्या कणांना घट्ट चिकटते. गढूळ पाण्यात कालवल्यास त्याचा प्रभाव घटतो.

धोके : तणनाशकाला तण आणि झाड यांतला फरक कळतोच असे नाही. कोवळ्या कलमाची हिरवी साल, पानसोट व खाली लोंबणाऱ्या फांद्या यांवर तुषार पडल्यास कलम खुरटते किंवा मरते. म्हणून वारा पडलेला असताना, तोटीवर हूड लावून व कमी दाबाने फवारावे. 2,4-डी हे रुंद पानांच्या तणांवरील रसायन आहे. तेच अत्यल्प प्रमाणात, लिटरला सुमारे 15 मिलिग्रॅम, संत्र्याची फळगळ रोखण्यासाठीही वापरतात. द्राक्षवेली त्याला फार संवेदनशील असल्याने नाशिककडील बागांजवळ त्याचा वारा लागणेही घातक. फवारणीचा एकच पंप तणनाशक व कीटकनाशक दोन्हींसाठी वापरू नये.

कायदा व सुरक्षा : या रसायनांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, 1968 नुसार होते. देशात ग्लायफोसेटची नोंदणी मुख्यतः चहाचे मळे व बिनपिकाची जमीन यांसाठी असून 2022 मध्ये केंद्र शासनाने त्याचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही; ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये. फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, बूट व मुखपट्टी पुरवणे ही बागमालकाची जबाबदारी आहे. पीक व मात्रा वेष्टनावरील मजकुरानुसारच ठरवावी.

एकात्मिक व्यवस्थापन : एकच रसायन वर्षानुवर्षे मारल्यास त्याला दाद न देणारी तणे वाढत जातात. म्हणून आळ्यात हाताने निंदण व वाळलेल्या गवताचे आच्छादन, लहान बागेत सोयाबीन किंवा हरभऱ्याचे आंतरपीक, पावसाळ्यात बोरू पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडणे आणि तण फुलण्याआधी कापणे यांची जोड द्यावी. गाजरगवतावर मेक्सिकन भुंगा (झायगोग्रामा) उपयोगी पडतो. उतारावरील बागेत ओळींमधले कापलेले गवत राहू दिल्यास माती धुपत नाही; तणनाशक तिथेच वापरावे, जिथे तण झाडाचे पाणी व खत ओढत आहे आणि दुसरा उपाय पोचत नाही.