खोताची वाडी : घर एकाचे, गल्ली सर्वांची

मुंबईच्या गिरगावातील स्थळांची नावे लक्षपूर्वक वाचली, तर लोपलेल्या एका निसर्गाचा नकाशाच हाती येतो. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे आज दाट वस्तीची आहेत. मुळात मात्र ती बागाईताची आहेत. वाडी म्हणजे फळझाडांची राखलेली जमीन आणि तिच्या आश्रयाने उभी राहिलेली घरे, हे वसई-उत्तनच्या आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. याच गिरगावात खोताची वाडी आहे. आपल्या समाजातील कुटुंबांनी तेथे घर कसे मिळविले आणि ते हातातून कसे जात आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांकडे होती. त्यांनी तिचे लहान लहान तुकडे पाडून ते स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले, असा वाडीचा परंपरागत इतिहास आहे. देणारा हिंदू, घेणारे बहुतांशी ख्रिस्ती, आणि वाडीला नाव राहिले ते देणाऱ्याचे! ही कुटुंबे या भूमीचीच लेकरे. त्यांची घरची बोली मराठीच. पुढे १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. वाडीतील घरे मात्र त्या नावाहून जुनी आहेत.

तुकडे लहान, म्हणून घरेही लहान. बहुधा एक मजला वर, लाकडी सांगाडा, बाहेरून चढणारा जिना, रस्त्याकडे तोंड करून बसलेली ओटी आणि वर उतरते कौलारू छप्पर. मुंबईत घोड्यांची ट्राम आली ती १८७४ साली. वाडीची आखणी त्याच्याही आधीची. त्यामुळे तेथील गल्ली गाडीच्या मापाने नव्हे, माणसाच्या पावलांच्या मापाने आखली गेली. सेंट तेरेजा चर्च, बाजार, शाळा, समुद्र, सारे चालत जाण्याच्या अंतरावर. ओटीवर बसलेल्या आजीला मिस्सेला कोण गेले आणि कोण नाही हे ठाऊक असे! आज पुष्कळ कुटुंबे असे पायी चालण्याजोगे घर शोधीत असतात. आपल्या पूर्वजांना ते नवलाचे वाटले नसते. घर म्हणजे शेजारासह घर, एवढेच त्यांना माहीत होते.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो प्लेगचा. १८९६ साली मांडवीत प्लेग प्रकटला आणि लोक शहर सोडून पळू लागले. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते काढणे हे त्याचे एक मुख्य काम. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हा त्याच प्रयत्नाचे फळ. याच सुमारास घर मिळविण्याचा एक नवा मार्ग लोकांना सापडला, तो सहकाराचा. १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. पाठोपाठ १९१८ साली वांद्रे येथे साल्सेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. या दोन मार्गांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. सोसायटीत घर कुटुंबाचे असले तरी वसाहतीला एक घटना होती, सभा होती, नियम होते. वाडीला यांपैकी काहीच नव्हते. ती केवळ शेजारधर्मावर उभी होती. शेजारधर्म मोठा खरा, परंतु खरेदीखतावर त्याची सही नसते.

ही उणीव पुढे दोन कायद्यांनी उघडी पाडली. पहिला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने प्रमाण भाडे १९४०च्या पातळीशी बांधून ठेवले. गरीब भाडेकरूंना त्याने छत्र दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि भाडे गोठले, लाकडाचे आणि कौलांचे दर मात्र गोठले नाहीत. ज्या घरमालकाने खालचा मजला भाड्याने दिला होता, त्याला त्या भाड्यात छप्पर शाकारणेही कठीण झाले.

दुसरा कायदा आपल्या घराघरांत शांतपणे वावरतो, म्हणून त्याकडे आपले लक्ष जात नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस निवर्तला, तर एक तृतीयांश वाटा पत्नीस किंवा पतीस आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांस सारखे मिळतात. मुलगा-मुलगी हा भेद नाही. न्यायाच्या दृष्टीने ही तरतूद उत्तमच आहे. परंतु चार खोल्यांचे घर तीन पिढ्या मृत्युपत्रावाचून राहिले, की त्याचे वीस-पंचवीस वारस होतात. कोणी वांद्र्याला, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात. कौले बदलण्यास कोणी पैसे देत नाही. विकावयाचे म्हटले की मात्र प्रत्येकाची सही लागते. इतक्या सह्या गोळा करण्याचे बळ आणि पैसा सामान्य कुटुंबाजवळ नसतो, बांधकाम व्यावसायिकाजवळ असतो. वाडी विकली गेली ती केवळ कोणाच्या लोभाने नव्हे. न लिहिलेल्या मृत्युपत्रांनीही ती विकली.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा जतनाची नियमावली लागू झाली. जुन्या वास्तूंचे मोल सरकारदरबारी मान्य झाले, ही मोठीच गोष्ट. परंतु नियम पाडकामास अडवू शकतो, गळके छप्पर दुरुस्त करीत नाही. वाडीत एकेकाळी पासष्टच्या आसपास जुनी घरे होती, असे सांगतात. आज ती तिसाच्या आत आली आहेत. त्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावात भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले. पायी चालण्याची सोय वाढली, तसे जमिनीचे मोलही वाढणार हे उघड आहे.

मग अशा जुन्या वस्तीत घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने काय करावे? आमच्या मते त्याने आधी तीन प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची? वरची इमारत कोणाची? आणि आत राहणाऱ्याचा हक्क मालकीचा, भाड्याचा की पागडीचा? जुन्या मुंबईत या तिन्ही गोष्टी पुष्कळदा तीन वेगळ्या हातांत असतात. घरात भाडेकरू असेल, तर त्याचा हक्क घराबरोबरच आपल्याकडे येतो, हे समजूनच व्यवहार करावा. सर्व वारसांच्या सह्या झाल्यावाचून पैसे मोजू नयेत. लाकूड, कौले आणि गटार यांच्या डागडुजीचा खर्च किमतीतच धरावा.

आणि ज्यांची वडिलोपार्जित घरे आजही उभी आहेत, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे : मृत्युपत्र करा. आईवडील हयात असताना, भावंडे एकत्र बसू शकतात तोवर, घर कोणाकडे राहील आणि इतरांना त्याचा मोबदला कसा मिळेल हे ठरवा. मुलीचा वाटा गिळून घर राखणे हा अन्याय होईल. परंतु वाटणी आधी ठरली, तर कोणावर अन्याय न होता घर राखता येते. शेजाऱ्यांनीही एकत्र येऊन विक्रीपूर्वी एकमेकांस विचारण्याचा रिवाज पाडावा. वाडीला जी सभा कधीच नव्हती, ती आता तरी भरू द्या. दादोबांच्या जमिनीचे तुकडे पडले आणि त्यांतून एक शेजार निर्माण झाला. आज त्याच जमिनीचे तुकडे पुन्हा जोडले जात आहेत आणि शेजार नाहीसा होत आहे. खतावर लिहिलेले घर एका कुटुंबाचे असते. पण त्या घरापुढची गल्ली, जिच्यासाठी ते घर घ्यावेसे वाटते, ती साऱ्यांची असते. तिचा सांभाळ हाही खरेदीच्या किमतीचाच एक भाग आहे.