मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

दोन शहरांमधील अंतर किती, असा प्रश्न केला की आपण मैलांचा आकडा सांगून मोकळे होतो. परंतु प्रवाशाला खरा भार वाटतो तो अवधीचा. आणि त्या अवधीचा इतिहास पाहिला, तर तो वेगाइतकाच वाटेतल्या वळशांनी व मुक्कामांनी ठरविला आहे, असे दिसते. मुंबई आणि लंडन यांचेच उदाहरण घेऊ.

शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात, तेव्हा या प्रवासास चार ते सहा महिने लागत. पत्राचे उत्तर हाती येईतो वर्ष उलटे. तोवर पत्र लिहिणारा हयात असेलच, याची शाश्वती नसे. पुढे २० मार्च १८३० रोजी मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझला निघाली. तिला सुमारे ३३ दिवस लागले. पण त्यांपैकी सुमारे १२ दिवस एडनसारख्या बंदरांत कोळसा भरण्यातच गेले! १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आफ्रिकेचा वळसा टळला आणि पुढे हा प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांवर आला.

विमान आले म्हणून मुक्काम संपले, असे मात्र मुळीच नाही. १९२९ साली लंडन-कराची हवाई टपाल सुरू झाले, त्याला सुमारे सात दिवस लागत. बाझेलपासून जिनोआपर्यंत तर विमानाच्या प्रवाशाला चक्क आगगाडीत बसावे लागे! कराचीहून पुढची टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी आणली. ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे लहानसे विमान स्वतः चालवीत, अहमदाबादेस थांबून, ते जुहूस उतरले. अहमदाबादेस त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले होते ते बैलगाडीतून. नव्या युगाचे पाऊल जुन्या चाकावर टेकले होते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले. तेही कैरो व जिनिव्हा येथे थांबूनच लंडनला गेले. आज सुमारे ७,२०० किलोमीटरची ही वाट मध्ये न थांबता नऊ-दहा तासांत उरकते. तरीही हे श्रेय केवळ इंजिनाचे नव्हे. २०२५ साली पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांच्या वाट्याला पुन्हा वळसा आला. राष्ट्राराष्ट्रांतील भांडणानेही वाट लांबते.

अमळनेरहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावयास जी एक रात्र लागते, तेवढ्यातच आज मुंबईहून लंडन येते. परदेशी गेलेल्या लेकराची आई नकाशावरचे मैल मोजीत नाही. ‘बोलावले तर किती वेळात येशील?’ एवढेच ती विचारते. या प्रश्नाचे उत्तर महिन्यांवरून तासांवर आले, हाच या साऱ्या इतिहासाचा अर्थ आहे.