नांदेड-लातूर आणि दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन

स्वादुपिंड इन्सुलिन दोन तऱ्हांनी सोडते. जेवण झाले की एकदम जास्त. एरवी, अगदी झोपेतही, थोडे थोडे पण अखंड. दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन या दुसऱ्या स्रावाची जागा घेते. ते मनासारखे जमायला जगाला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. नांदेड-लातूरच्या खेड्यांत ते ज्याला खरोखर हवे त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र अजून पुरे झालेले नाही.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि मधुमेह म्हणजे लहान वयातला मृत्यू, हे समीकरण मोडले. पण त्या इन्सुलिनचा असर काही तासांतच ओसरे. दिवसात तीन-चार वेळा सुई घ्यावी लागे. त्या काळी नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर ही उस्मानाबाद जिल्ह्यातली बाजारपेठ. नांदेडहून रेल्वे हैदराबादला जाई, लातूरहून बार्शी लाईटची छोटी गाडी कुर्डुवाडीकडे. संस्थानातले मोठे उस्मानिया रुग्णालय हैदराबादेत होते. दिवसात चारदा सुई, उकळलेली काचेची सिरिंज आणि औषधाला थंडावा, एवढी तजवीज शेतकऱ्याच्या घरात होणे कठीणच होते.

सुयांची संख्या कमी करण्याचा मार्ग १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन हागेडॉर्न यांनी दाखवला. ट्राउट माशाच्या वीर्यातले प्रोटामाइन मिसळले की इन्सुलिन त्वचेखाली सावकाश विरघळते. टोरांटोच्या संशोधकांनी त्यात जस्त घालून असर आणखी लांबवला. १९४६ मध्ये हागेडॉर्न यांच्या प्रयोगशाळेत एनपीएच हे प्रोटामाइनयुक्त इन्सुलिन तयार झाले. त्यातला ‘एच’ हा हागेडॉर्न यांच्याच नावाचा. पुढे १९५० च्या दशकात हालास-म्योलर यांनी प्रोटामाइन वगळून केवळ जस्ताच्या आधारे ‘लेंटे’ मालिका आणली. ही सारी इन्सुलिने गायी-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढलेली होती.

मराठवाड्यात उपचारांची सोय हळूहळू उभी राहिली. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, १९६६ मध्ये लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू झाले, १९७४ मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. नांदेडला शासकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आले, लातूरला २००२ मध्ये.

एनपीएच स्वस्त आणि भरवशाचे. सरकारी रुग्णालयांचा भार पुष्कळसा त्याने आणि त्याच्या ३०:७० मिश्रणाने (तीस भाग जलद इन्सुलिन, सत्तर भाग एनपीएच) वाहिला. त्याची खोड अशी की टोचल्यावर साधारण चार ते दहा तासांत त्याचा असर शिगेला पोहोचतो आणि बारा ते अठरा तासांत संपतो. संध्याकाळी घेतलेली सुई मध्यरात्रीनंतर जोर धरते आणि रात्रीची भाकरी कमी पडली असेल तर झोपेतच शुगर खाली जाते. सकाळच्या सुईचा जोर दुपारच्या जेवणाची वाट पाहत नाही. ज्यांचे जेवण रानातल्या कामावर, ऊसतोडीच्या पाळीवर, एकादशीवर किंवा रमजानच्या रोज्यांवर ठरते, त्यांना हे औषध सांभाळणे अवघडच. शिवाय एनपीएच गढूळ असते. बाटली तळहातांत नीट घोळवली नाही तर प्रत्येक वेळी मात्रा वेगळी जाते.

साठवणही सोपी नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा फ्रिज नसलेल्या किंवा भारनियमनात फ्रिज तासन्‌तास बंद राहणाऱ्या घरांना ओल्या माठाचाच आधार असतो. तेथे वापरातली बाटली चार आठवडे टिकू शकते. फ्रीझरमध्ये गोठलेले इन्सुलिन मात्र कायमचे वाया जाते.

यापुढच्या टप्प्यात खुद्द मराठवाड्याचे नाव येते, आणि त्याची नोंद व्हावी तेवढी झालेली नाही. जनुकीय तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत १९८२ मध्ये मान्य झाले. २००३ मध्ये वोक्हार्टने ‘वोसुलिन’ बाजारात आणले. भारतीय कंपनीने स्वतः विकसित केलेले ते पहिले असे इन्सुलिन. औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला या कंपनीचे बायोटेक पार्क आहे. २००९ मध्ये तिने ‘ग्लॅरिटस’ या नावाने ग्लार्जिन हे दीर्घकाळ टिकणारे नवे इन्सुलिनही आणले. त्याच वर्षी बंगळुरूच्या बायोकॉनचे ‘बेसालॉग’ आले.

ग्लार्जिन २००० मध्ये पाश्चात्त्य बाजारात आले होते. ते आम्लधर्मी, स्वच्छ द्रव असते. त्वचेखाली गेल्यावर साकळते आणि सुमारे चोवीस तास, फारसा चढउतार न होता, पाझरत राहते. डेटेमिर रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून टिकते, पण कित्येकांना ते दिवसातून दोनदा घ्यावे लागते. डेग्लुडेकचा असर ४२ तासांहून अधिक राहतो, त्यामुळे सुईची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी चालते. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या आयकोडेकला युरोपात २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

यात कोण किती सरस, याचे उत्तर जाहिरातींपेक्षा संयत आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर एनपीएचने आणि ग्लार्जिनने जवळपास सारखीच उतरते. नव्यांचा खरा फायदा रात्री शुगर खाली जाण्याचे प्रसंग कमी होण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या नव्या इन्सुलिनांना आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. भारताच्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिन २०२२ मध्ये आले. म्हणून ज्याला रात्री वारंवार घाम फुटून जाग येते, जो म्हातारा माणूस एकटा राहतो, त्याच्यासाठी ग्लार्जिनचा जादा खर्च सार्थ आहे. पैशाअभावी महिन्यातले दहा दिवस सुटणाऱ्या ग्लार्जिनपेक्षा मात्र रोज नियमाने घेतलेले एनपीएच केव्हाही चांगले.

बदल करायचा तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दोन वेळच्या एनपीएचवरून एक वेळच्या ग्लार्जिनवर जाताना एकूण मात्रा सहसा वीस टक्क्यांनी कमी करून सुरुवात करतात. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये. आपल्याकडे मिलिलिटरमागे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही शक्तींची इन्सुलिने मिळतात. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची, हे औषध घेतानाच दुकानात पाहून घ्यावे.