तेरा वारांवरचं पंचीकरण

नांदेडच्या वजिराबादेत कापडाच्या दुकानात हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली. त्यामुळे अंबाजोगाईची पासोडी मला आधी कापड म्हणूनच दिसते. लांबी चाळीस फुटांच्या आसपास, म्हणजे तेरा वार आणि वर थोडं. पन्हा चारेक फूट. त्यावर संतकवी दासोपंतांनी सुमारे १६०० ओव्यांचं 'पंचीकरण' लिहिलं. सुतावर शाई फुटते, तरी हा खटाटोप! गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' रचणाऱ्याला कागदाची वानवा नसावी. माझा अंदाज असा की दहा जणांपुढे अंथरून, बोट ठेवून समजवायला कापडच सोयीचं.

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. जन्म बीदरकडच्या नारायणपेठेचा. पुढे आमच्या माहूरला दत्तापाशी बारा वर्षं तप केलं, असं चरित्रकार सांगतात. मग अंबाजोगाई.

पंचीकरण म्हणजे पाच महाभूतांची एकमेकांत मिसळण, आणि तिचा हिशेब आण्यांच्या जुन्या रुपयाचा आहे. प्रत्येक भूतानं आठ आणे स्वतःकडे ठेवायचे, उरलेल्या आठांतले दोन-दोन आणे बाकी चौघांना द्यायचे. म्हणून पायाखालची माती आठ आणेच माती. आप, तेज, वायू, आकाश तिच्यात दोन-दोन आणे. दोन आण्यांचा एक वाटा धरला तर एकूण आठ वाटे.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात सिसिलीतल्या अक्रागासच्या एम्पेडोक्लीझ या ग्रीक तत्त्वज्ञानंही हाडासाठी आठच वाटे धरले, आणि तेही पद्यातच. हाड म्हणजे दोन वाटे माती, दोन पाणी, चार अग्नी! आपल्याकडे हाड सरळ पृथ्वीच्या नावे पडतं. एम्पेडोक्लीझची मूलतत्त्वं, म्हणजे त्याच्या शब्दांत 'मुळं', चारच; आकाश नाही. प्रेम त्यांना एकत्र आणतं, कलह फोडतो, पुन्हा प्रेम. मुळं मात्र अक्षय. रक्कम या खात्यातून त्या खात्यात जाते, एवढंच. हिशेबनीस म्हणून मला हे चटकन पटतं.

दासोपंतांना खातंच बंद करायचं आहे. माती पाण्यात, पाणी तेजात, तेज वायूत, वायू आकाशात विरवायचा. भुतांचं सगळं वजा केल्यावर 'मी' म्हणणारा कोण उरतो, ते पाहायचं. जगाची घडण सांगण्याची हौस त्यात कमी, माणसाला देहातून सोडवण्याची घाई जास्त.

एम्पेडोक्लीझचं काव्य इतरांच्या ग्रंथांतल्या अवतरणांतून तुकड्यातुकड्यांनी उरलं. स्ट्रासबुर्गच्या संग्रहातल्या पपायरसच्या चिंध्यांवरच्या त्याच्या ओळी १९९९ साली छापून आल्या. पासोडी दासोपंतांच्या घराण्यानं अंबाजोगाईतच सांभाळली.