महेश एलकुंचवार : वाड्यातून पडद्याकडे

बुलढाण्यापासून यवतमाळपर्यंत पसरलेल्या वऱ्हाडातील खचत्या वाड्यांची व्यथा रंगभूमीवर आणणारे नाटककार महेश एलकुंचवार यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९३९ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे झाला. नागपुरात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. 'सत्यकथा' मासिकातील 'सुलतान' (१९६७) या एकांकिकेमुळे दिग्दर्शिका विजया मेहता यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

१९८४ मध्ये त्यांची दोन नाटके पडद्यावर आली. गोविंद निहलानी यांचा 'पार्टी' आणि केतन मेहता यांचा 'होली' या दोन्ही हिंदी चित्रपटांच्या पटकथालेखनात त्यांचा सहभाग होता. पुढे पटकथालेखन मोजकेच राहिले. नाटक मात्र सुटले नाही.

१९८५ मध्ये 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आले. तात्याजींच्या निधनानंतर तेराव्याच्या खर्चावरून देशपांडे कुटुंबात पडणारी फूट आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर यांतून वतनदारीचा अस्त दिसतो. 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' यांनी ही नाट्यत्रयी पूर्ण झाली. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये अपर्णा सेन यांनी त्यांच्या 'सोनाटा' नाटकावर चित्रपट केला. पडद्याने त्यांची महानगरी नाटके उचलली. वऱ्हाडाचा वाडा प्रामुख्याने रंगभूमीनेच जपला.