तळटीप २३ : सत्तर-तीस

२३. सत्तर-तीस : राज्य कोट्यातील वैद्यकीय जागांपैकी ७० टक्के त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभर खुल्या ठेवणारे सूत्र. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र हे ते तीन विभाग. विभाग ठरे तो बारावी कुठून केली त्यावरून. बारावीचे गुण मात्र केवळ पात्रतेपुरते (खुल्या प्रवर्गास पीसीबीत ५० टक्के). मराठवाड्यात महाविद्यालये मोजकी आणि नांदेड-लातूरला गुणवंतांची दाटी. त्यामुळे नीटमध्ये ७२०पैकी तेवढेच गुण पडूनही पुण्याकडच्या मुलाचा नंबर लागे, इथल्याचा हुके. हा उघड अन्याय होता. सप्टेंबर २०२०मध्ये सूत्र रद्द झाले. मजकुरातल्या आबांच्या नातीची बारावी २०१८ची, म्हणजे सूत्र लागू असतानाची, म्हणून त्यांना तिचा नंबर हुकण्याची धास्ती.